तेलआत्याचा डावा पाय

तेलआत्याशी बोलायला बसलं की पाच मिनिटांत आपला पाय तिच्या मांडीवर गेलेला असे. ही माझ्या वडिलांची थोरली बहीण, मूल गावात आमच्याच घरी राहायची. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल सदा जवळ. ब्रह्मपुरीच्या बसमध्ये एकदा कंडक्टर लंगडताना दिसला, तर तिनं त्यालाच सीटवर बसवून घोटा चोळला. लोक तिकिटासाठी ओरडायला लागले. "थांबा ना जी, माणूस मोठा का तिकीट?" आत्यानं त्यांनाच ऐकवलं.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या आसपास तिला स्तनाचा कॅन्सर झाला. नागपूरला केमोथेरपी सुरू झाली, केस गेले. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला तो ओढलाच. घरातही कुणाला डोकं दिसू दिलं नाही.

तिसऱ्या केमोनंतर डावा पाय सुजला. "नस चढली," म्हणत बाई दोन दिवस स्वतःच रगडत बसल्या. मी हट्टानं नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे, कॅन्सरमध्ये आणि केमोमुळे होते अशी. चोळून ती सुटली आणि फुप्फुसात गेली तर जीव जाईल. आत्यानं शांतपणे विचारलं, "मंग हलक्या हातानं?"

डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन झापलं.

इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन घरी आलो, तर दारात सात बाया तेलाच्या वाट्या घेऊन हजर. आमच्याकडे रीतच तशी: जिनं आपलं अंग चोळलं, तिचं दुखलं की आपण जायचं. आत्या खाटेवर टेकताच एकीनं थेट पाय धरला. मी तिचा हात ओढला, तशी ती रडायलाच लागली. "माह्या कमरेले वर्षभर हिनंच चोळलं, न् मी तशीच जाऊ?"

आत्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि पदर मागे टाकला.

"पायाले कोणी हात लावाचा नाई. हे घ्या डोकं. केसाची भानगडही नाई आता."

मग आत्याच फिसकन हसली. सातही जणींनी आळीपाळीनं तेल जिरवलं. शेवटी ती माझ्यावर खेकसली, "तू का पहाराच देऊन राह्यला? ये इकडे."

मी तेल घेतलं. बोटाच्या टोकानं नुसतं टेकवलं.

"भेतो काऊन? इथी गुठळी नाई."

पायातली गुठळी हळूहळू विरली. दोन वर्षांनी आत्या गेली, ती मूळ दुखण्यानं. तोवर दर रविवारी तिच्या डोक्याला तेल लावायचं काम माझंच होतं. केस परत आले तरी तिनं ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही.