धवल्यातलं नाव

आमचा बँड आहे असं मी कुणाला सांगत नाही. बँड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकत्र बसलेली माणसं येतात, आणि आम्ही तिघं दोन वर्षांत एका खोलीत एकदाही बसलेलो नाही. पुण्याचा एक जण लॅपटॉपवर सगळ्यांचे तुकडे जोडतो आणि स्वतःला प्रोड्यूसर म्हणवतो. दुसरा कॅनडात गिटार वाजवतो, पण फाइलींपेक्षा बर्फाचे फोटोच जास्त पाठवतो. तिसरी मी. बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात लॅबमध्ये नोकरी करते आणि रविवारी पेटी वाजवते. पेटीचा तुकडा फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचा, की पुण्याहून उत्तर यायचं, ‘फील कमी आहे.’ एकदा मी तोच तुकडा दुसऱ्या दिवशी फाइलीचं नाव बदलून पाठवला. ‘आता कसं मस्त!’ असं उत्तर आलं. शहाणं व्हायला तेवढं पुरे होतं, पण मी झाले नाही.

मग या दोघांना ‘मातीतला आवाज’ हवासा झाला. माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण, बोईसरजवळ समुद्रकाठच्या दांडीला असते. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नातले विधी धवल्यांवर चालतात आणि ते धवले ती गाते. भटजीला उशीर झाला तर लोक चहा पितात, धवलारणीला उशीर झाला तर मांडव अडतो. हे मी बोलता बोलता सांगून बसले. कॅनडावाल्याने लगेच लिहिलं, ‘एक सॅम्पल पाठव ना.’ सॅम्पल मला लॅबमधलं ठाऊक. बाटलीवर नावाची चिठ्ठी नसेल तर आम्ही ते तपासतही नाही, सरळ ओतून देतो.

रविवारी दुपारी दांडीला गेले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, दारावर गोधडी टांगली, कारण बाहेर बोंबील वाळत होते आणि कावळ्यांची सभा भरली होती. पुण्याहून ठेक्याची टकटक आली होती. ती कानात ऐकत तिच्या तालात गायचं, असा हुकूम होता. आत्याने हेडफोन लावला आणि लगेच उपसून काढला.

“ह्यो कोन ठोकतो कानात? मी गायचं का त्यानं?”

टकटक तिथेच संपली. मग तिने विचारलं, “बरं, लगीन कोनाचं हाय?”

“कुणाचंच नाही. नुसतं गायचंय.”

“नुसता धवला नसतो गो. नवरीचं नाव लागतं. नाव नाय घेतलं तर तो लागायचा कोनाला?”

मी घामाने निथळत होते. वैतागून म्हणाले, “माझं घाल.”

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे आणि माझं लग्न झालेलं नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही. मला पाहायला आलेले एकेक नमुने आठवले की आजही देवाला हात जोडते. पण माझ्या सगळ्या भावंडांचे धवले आत्याने गायले होते, आणि माझा राहिला होता. तिने डोक्यावर पदर घेतला.

“ह्यो धवला लोक ऐकतील ना?”

“मोबाईलवर सगळे ऐकतील.”

“मंग झालं. लोकांत नाव घेतलं की लगीन लागलं. पन नाव नाय काडायचं कोनी.”

“नाही काढणार,” मी म्हणाले. चेष्टेत नाही, खरोखरचा शब्द दिला.

आत्या गायला लागली. नावाची जागा आली की थांबायची, दम घ्यायची, मग माझं नाव सावकाश, अख्खं घ्यायची. तिसऱ्या वेळी तिचा आवाज फुटला. मी फोन धरून बसले होते आणि माझेही डोळे वाहत होते. हे ऐकायची मला हौस आहे हे मला माहीतच नव्हतं. हौस कसली, भूकच होती ती.

फाइल पाठवली. पुण्याला आवाज आवडला, बाकी काहीच आवडलं नाही. मध्ये फार थांबते, ते कापू. रडू आलंय, ते पुसू. दांडीच्या समुद्राची गाज मागून ऐकू येत होती, ती त्यांना समुद्रासारखी वाटेना, म्हणून इंटरनेटवरून दुसरा समुद्र आणला. आणि नाव तालात बसत नाही, शिवाय नाव आलं की गाणं फार ‘पर्सनल’ होतं. लग्नाचं गाणं पर्सनल होतं म्हणे! काय ही अक्कल! नावाच्या जागी गिटार आली आणि त्यावर प्रोड्यूसरसाहेबांचं स्वतःचं ‘हे हे’.

मग ग्रुपवर मतं मागवली. कॅनडातून अंगठा आला. मी लिहायला घेतलं, ‘नाव राहू द्या, मी आत्याला शब्द दिलाय.’ तेवढ्यात मनात आलं, हे दोघं हसतील, या वयात बाईला स्वतःच्या लग्नाचं गाणं हवंय म्हणतील. लिहिलेलं पुसलं आणि मीही अंगठा दिला. त्या दोघांना मी येता-जाता नावं ठेवते, पण माझी अक्कलही काही वेगळ्या बाजारातली नाही.

गाणं बाहेर पडलं. खाली अनोळखी लोकांनी हृदयं आणि ज्वाळा टाकल्या. पुढच्या रविवारी दांडीला गेले, तर शेजारच्या सुनेने आत्याला ते आधीच ऐकवलं होतं. आत्या ओटीवर सुके बोंबील निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“तीनदा लावायला सांगितला. नावाच्या जागेला कान देऊन बसलू, तर तिथं कोन तरी हे हे करतंय.”

“आत्या, तुझा खरा धवला माझ्या फोनमध्ये आहे. नावासकट.”

“तुज्या फोनात वऱ्हाड बसलंय का? लोकांत नाय आलं नाव.” तिने एका बोंबलाचं डोकं मोडून बाजूला टाकलं. “म्हंजे लगीन मोडलं गो तुजं.”

तिने आता माझ्याकडे पाहिलं.

“कोनी मोडलं? त्या पुन्यावाल्यानं?”

हो म्हणणं किती सोपं होतं. त्याला दांडी कुठे आहे हेही माहीत नाही.

“नाही आत्या,” मी म्हणाले. “मीच मोडलं.”