याला दोन वर्षं द्या

"याला फक्त दोन वर्षं द्या," असं मी नागपुरात विद्यापीठाच्या निवडकर्त्यांना सांगत होतो आणि खिशात फोन वाजत होता. मी तो कापला. समोरचे गृहस्थ म्हणत होते, पोरगा उंच आहे पण कच्चा आहे, चेंडू हातात आला की कमरेपर्यंत खाली आणतो आणि बुटके खेळाडू तो काढून नेतात. मी म्हणत होतो, पाय कसे टाकायचे ते शिकवता येतं, उंची शिकवता येत नाही. पुन्हा फोन वाजला तेव्हा उचलला. भंडाऱ्याहून आमच्या संघाचा कॅप्टन रडत होता. अंकुश सकाळी होस्टेलच्या नळाजवळ पाठ धरून खाली बसला होता. आतून काहीतरी फाटलं, एवढंच म्हणाला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. ज्याच्यासाठी मी दोन वर्षं मागत होतो, तो माझं बोलणं चालू असतानाच गेला होता...

याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, हळूहळू दुःख ओसरतं. दुःखाचं मला माहीत नाही, राग ओसरत नाही.

मी भंडाऱ्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलो, तिथल्या सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकलो आणि उंची कमी पडली म्हणून जिल्ह्यापुढे गेलो नाही. तेव्हापासून नवं वर्ष सुरू झालं की मी मुलांचे चेहरे बघत नाही, दारातून आत येताना कोण वाकतो ते बघतो. अंकुश वाकला. सानगडीकडचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. घराचं दार ठेंगणं, त्यामुळे तो कॉलेजच्या उंच कमानीखालूनही मान खाली घालूनच जायचा. चेंडू त्याने तोवर हातात धरला नव्हता. मी जोरात फेकला तो त्याने असा झेलला की आवाजच झाला नाही. विचारलं तर लाजून म्हणाला, "सर, मासोळी याच्याहून जास्त निसटते."

माझ्या खिशात कायम शिंप्याचा टेप असतो. मी त्याला भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगितलं. उंचीपेक्षा हात लांब भरले, चांगलेच लांब. मी दुसऱ्यांदा मोजलं, ते केवळ आनंदाने.

पोरांनी त्याचं नाव टॉवर ठेवलं. "बे टॉवर, वर रेंज भेटते का?" कोणी तरी ओरडायचं. तो शांतपणे म्हणायचा, "भेटते ना. पण तुह्याच घरचे फोन उचलत नाही." मनगटाला दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी गुंडाळून तो ती एकमेकांवर सहज चढवून दाखवायचा, आणि नवी पोरं त्यावर चहाची पैज हरायची. चष्मा जाड, खेळताना इलॅस्टिकने बांधलेला. छातीच्या मधोमध वाटी बसेल एवढा खळगा. तो भरावा म्हणून मी त्याच्याकडून दंड काढून घेत होतो. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी त्यात फक्त रिंगवरून परतणारे चेंडू, रिबाऊंड, बघत होतो.

पुढे मी त्याच्या घरी गेलो. पोरगा अजून किती वाढेल याचा अंदाज घ्यायचा तर घरची उंची विचारायची, ही आमची रीत. त्याचे वडील श्रावणभाऊ ओसरीत जाळं दुरुस्त करत बसले होते. ते मध्यम उंचीचेच. मी विचारलं, घरात आणखी कोणी उंच?

"माहा बाप होता ना सर, याच्याहून उंच," ते म्हणाले. "जवानीतच गेला. काठावर उभा राहून जाळं फेकून राहिला होता, छाती धरली न् बसला. पाण्यात बी नाही पडला."

"याच्याहून उंच?" मी विचारलं.

त्या माणसाने मला आपल्या बापाचं मरण सांगितलं आणि मी उंची विचारली. परतीच्या वाटेवर मोटरसायकलवर मी गाणं गुणगुणत होतो, हेही लिहून ठेवतो.

स्पर्धेसाठी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. आमच्याकडे ते कसं मिळतं, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोरं बाहेर उभी राहतात, सर आत जातात, गठ्ठ्यावर सह्या होतात. कोणाच्या छातीला नळी लागत नाही. मी त्या डॉक्टरांचे आभार मानून, चहा पिऊन बाहेर आलो होतो.

आणि नागपूरला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सरावात तो थांबला. "सर, छाती धडधडून राहिली."

"काहून बे, म्हातारा झाला का तू?" मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला, आणि पुन्हा धावायला लागला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टर बाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी काही जणांची जन्मतः कमकुवत असते. लांब हात, लांब बोटं, छातीतला खळगा, डोळे... खुणा बाहेर दिसतात. एक तपासणी, रोजची गोळी, वेळ आली तर ऑपरेशन, आणि असा खेळ बंद. मग त्यांनी विचारलं, "घरात पूर्वी कोणी असं अचानक गेलं होतं का?" उत्तर मला माहीत होतं.

शोकसभेत मात्र सगळे त्याच्या उंचीवरच बोलले. जिल्ह्याचं नाव उंच केलं असतं म्हणे. देवाने चांगली माणसं लवकर नेली म्हणे. मला ओरडावंसं वाटलं, की देवाला कायले मध्ये ओढता, हा पोरगा रोज आपल्यासमोर हात पसरून उभा होता! मी ओरडलो नाही. फलकावर माझ्या नावापुढे मार्गदर्शक लिहिलं होतं, मी दोन शब्द बोलून खाली बसलो.

गेल्या रविवारी सानगडीला गेलो. श्रावणभाऊंना सगळं सांगितलं, आजोबांच्या गोष्टीसकट. त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी तं तुमाले सांगतलं होतं, सर." एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्यांची धाकटी, आचल, शाळेतून आली. दहावीत आहे. दारातून आत येताना ती वाकली... डॉक्टर बाईंनी बहिणीची मापं आधी फोनवर कळवायला सांगितली होती, पुढच्या आठवड्यात तिला नागपूरला न्यायचं आहे. मी खिशातून तोच टेप काढला आणि म्हणालो, "बेटा, भिंतीला पाठ लाव, हात पसर."

तिने दप्तर ठेवलं आणि दोन्ही हात पसरले. बोटं दाराच्या चौकटीपार गेली. मी मोजलं. आकडा चुकला असेल, म्हणून पुन्हा मोजलं.

मान तशीच ताठ ठेवून तिने विचारलं, "सर, मी सिलेक्ट झाली का?"