खेकडा लागलेली कार्डं

लोणावळ्यात श्रावणात वाळत घातलेले कपडे आणि आमच्या वर्कशॉपचे किस्से, दोन्हींची तऱ्हा एकच. साठत जातात आणि आवरायचे कधी ते कळत नाही. परवा हमिदा घरी आली, मी चहा टाकला आणि तिनं नुसतं "खेकडा" एवढंच म्हटलं. चहा उतू गेला तरी आम्ही दोघी हसतोय! नात विचारायला लागली, खेकड्यात एवढं हसण्यासारखं काय असतं?

तर सत्तर साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. पुण्याच्या देवधर साहेबांनी लोणावळ्यातल्या तुंगार्लीला एका बंगल्याचं गॅरेज भाड्यानं घेऊन इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप काढलं होतं. हमिदा सोल्डरिंग करायची, ठकूमावशी तयार कार्डं पुसायची आणि झाडलोट बघायची, मी टेस्टिंगला. कार्ड म्हणजे पंजाएवढी पट्टी. एका बाजूनं पाच व्होल्टचा सिग्नल आला की दुसऱ्या बाजूला चोवीस व्होल्टचा दिवा लागायचा. सिग्नल गेला की दिवा विझायला हवा. "एवढंच तर आहे," असं साहेब म्हणायचे.

घाटातल्या एका पंपहाऊससाठी मुंबईच्या कंपनीनं ही कार्डं मागवली होती. श्रावणात त्यांचा माणूस येऊन तपासणार होता. पास झाली तर वर्कशॉप इथं राहणार, नाही तर कोरड्या हवेसाठी पुण्याला हलणार. माझा मामा पुण्यात होता, माझं भागलं असतं. हमिदाला मात्र अब्बांनी कामावर पाठवलं होतं ते वर्कशॉप घराजवळ होतं म्हणून. वर्कशॉप हललं की तिचं काम सुटणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

*

पुण्यात साहेबांच्या घरी झकास चाललेलं कार्ड लोणावळ्यात आणलं आणि दिवा विझेचना. उदबत्तीच्या टोकासारखा लाल राहिला. साहेबांनी आम्हाला समजावलं की मधला ट्रान्झिस्टर म्हणजे दार. दार बंद आहे, पण फटीतून थोडा करंट झिरपतोय.

ठकूमावशी वडिवळे गावची, भातखाचरात जन्म गेलेला. ती म्हणाली, "म्हंजी बांधाला खेकडा लागलाय."

खेकड्यानं बीळ पाडलं की बांध वरून धड दिसतो आणि खाचर मात्र आतून रिकामं होतं. साहेबांना ते इतकं आवडलं की त्या दिवसापासून खराब कार्डावर खडूनं खेकडा काढायची पद्धत पडली. साहेबांचा खेकडा कोळ्यासारखा दिसायचा, पण त्यांना ते सांगणार कोण?

*

आता हा खेकडा येतो कुठून? सकाळी नापास झालेलं कार्ड दुपारी पास व्हायचं. दुपारी पास झालेलं चहाच्या वेळी परत नापास. साहेबांना झोप लागेना आणि आम्हालाही नादच लागला. शेवटी एकदा साहेब गरम चहाचा ग्लास घेऊन कार्डावर वाकले आणि विझलेला दिवा आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला. चहाची वाफ!

मग टेस्टिंगची नवी रीत निघाली. चष्म्याची काच पुसताना करतात तसं प्रत्येक कार्डावर "हाऽऽ" करायचं आणि दिव्याकडे बघायचं. दिवसभर तिघी बायका आणि एक इंजिनियर टेबलाशी बसून हाऽऽ हाऽऽ करताहेत. पोस्टमन दारातून बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी कुणी न मागता ज्येष्ठमधाची पुडी देऊन गेला.

*

कार्डं कोरडी कशी करायची यावर ठकूमावशीनं परस्पर तोडगा काढला. तिची लेक बाळंतपणाला आली होती. आमच्याकडे पावसाळ्यात बाळाची दुपटी शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवतात. मावशीनं कार्डं घरी नेली आणि दुपट्यांशेजारी टोपलीवर मांडली. निखाऱ्यावर बाळ-बाळंतिणीसाठी ओवा आणि शेपाची धुरी चालू होतीच.

कार्डं खणखणीत कोरडी होऊन आली. आणि एकजात सगळी नापास! धुराची काजळी बसली होती, आणि काजळीतून करंट मजेत जातो. साहेब रागावले नाहीत. एक कार्ड नाकाशी धरून म्हणाले, "मावशी, याला आता तीट तेवढी लावायची राहिली."

सगळी कार्डं स्पिरिटनं धुवावी लागली. ओवा-शेपाचा वास मात्र गॅरेजमधून हलेना, कारण मावशीचं लुगडं आणि तिची पुसायची फडकीही त्याच टोपलीवर वाळायची.

*

साहेबही गप्प बसले नव्हते. त्यांनी जुने ट्रान्झिस्टर काढून सिलिकॉनचे बसवले. ते मुळातच कमी झिरपतात. शिवाय एक छोटा रेझिस्टर असा जोडला की चुकार करंट ट्रान्झिस्टरला उचकवायच्या आत बाहेर निघून जावा. "मावशी, सांडवा काढला बघा," असं त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. मावशीनं मान डोलावली आणि आत्ता कुठं अक्कल आली, अशा नजरेनं बघितलं.

बहुतेक कार्डं पास व्हायला लागली. तरी काही हट्टी राहिलीच, आणि बघतो तर ती सगळी हमिदानं सकाळी केलेली. तिचं सोल्डरिंग तर आरशासारखं स्वच्छ असायचं. ती बिचारी रडकुंडीला आली. साहेबांनी भिंग घेऊन कार्ड बघितलं, मग तिला विचारलं की सकाळी घरी काय काम असतं.

हमिदाच्या अब्बांचं बाजारात सुक्या मासळीचं दुकान. ती रोज सकाळी खारवलेले बोंबील निवडून मग कामावर यायची. बोटांना मीठ, कार्डाला बोटं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. झालं! तेव्हापासून आत येताना साबणानं हात धुवायचे, कार्ड कडेनंच धरायचं आणि शेवटी सगळ्यावर वॉर्निश मारायचं, असा नियम झाला.

अब्बांना हे कळलं तेव्हा ते फार दुखावले. दुकानातून उठून वर्कशॉपवर आले आणि साहेबांना म्हणाले, "माझ्या वडलांपासून आम्ही बोंबील विकतोय. आजवर एका गिऱ्हाइकाला शॉक बसला नाही."

*

आणि मग तो दिवस. मुंबईचा माणूस आला तेव्हा धुकं इतकं की फाटक दिसत नव्हतं. गॅरेजच्या भिंतींना पाणी सुटलेलं. मनातून आम्ही सगळेच घाबरलो होतो.

पाहुण्यानं कार्ड लावलं, सिग्नल बंद ठेवला, दिव्याभोवती हाताची ओंजळ धरून आत बघितलं. मिट्ट अंधार. "छान," म्हणत त्यानं खिशातून पेन काढलं.

"साहेब, थांबा," हमिदा म्हणाली. "अजून हाऽऽ केलेलं नाही."

मला तिचा असा राग आला म्हणून सांगू! सगळं बरं चाललंय, मग हे कशाला? पण ती पुढं झाली आणि कार्डावर अगदी पोटातून हाऽऽ केलं. दिवा काळाच.

पाहुणा खूश झाला. म्हणाला, "आता एकदा दिवा लावून दाखवा."

मी सिग्नलचं बटण दाबलं. दिवा काळाच. परत दाबलं. काळाच.

हमिदा मटकन स्टुलावर बसली. साहेबांनी हात पुढं करून बल्ब चाचपला, तर तो हलत होता. आट्यात सैल. त्यांनी पिळून घट्ट केला, मी बटण दाबलं, दिवा लख्ख लागला. बटण सोडलं, विझला. साहेबांनी स्वतः कार्डावर हाऽऽ केलं, एकदा नव्हे, चांगलं दम लागेपर्यंत. ओंजळीत मिट्ट अंधार. पाहुण्यानं सही केली. हमिदा हसली आणि मग रडली.

पाहुणा चहा प्यायला बसला. साहेबांनी बल्ब काढून उजेडात धरला, मग नाकाशी नेला, आणि माझ्या हातात दिला. मीही वास घेतला. ओवा-शेपा!

ठकूमावशी झाडलेलाच कोपरा पुन्हा झाडत होती.

"मावशी," साहेबांनी हळूच विचारलं, "लेकीची धुरी अजून चालू आहे का हो?"

"व्हय," वर न बघता मावशी म्हणाली. "सव्वा म्हैना करायची असती."