घरी सगळं असताना पळते

मी बारीक झाले याचा सगळ्यात जास्त त्रास माझ्या आईला झाला, आणि तिला झाला म्हणून मला. वजन कमी करणं त्यामानानं सोपं होतं.

माझं लहानपण पाचोडला गेलं. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करायचे, आई शाळेत खिचडी शिजवायची. मुलांची पंगत उठली की पातेल्यात उरलेली खिचडी माझी, घरची भाकरी वेगळी. पाचवीत मी सातवीतल्या मुलींपेक्षा रुंद होते. आई बाजाराच्या दिवशी मला मुद्दाम बरोबर न्यायची. भाजीवाली माझा गाल ओढून म्हणायची, "खात्यापित्या घरची दिसती." मग आई दिवसभर खुशीत असायची.

शाळेत मला पोतं म्हणायचे. खेळाच्या तासाला सर मला कधी रागावले नाहीत, पण पळायलाही लावलं नाही. "तू चपला राख," एवढंच म्हणायचे. चार वर्षं मी लिंबाखाली बसून कबड्डी खेळणाऱ्या मुलींच्या चपला राखल्या. एकही हरवली नाही. याच सरांनी पुढं माझा कॉलेजचा फॉर्म भरून दिला, म्हणून त्यांच्याबद्दल वाकडं बोलवत नाही. पण एकदा तरी त्यांनी मला ऊठ म्हणायला हवं होतं.

बारावीनंतर माझ्या शिक्षणासाठी आम्ही शहरात, हर्सूलला दोन खोल्यांत राहायला आलो. वडिलांना वॉचमनचं काम मिळालं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर मी सूचनाफलकासमोर उभी राहून, वाचतेय असं दाखवत दम खायची. त्यामुळं सगळ्या सूचना मला पाठ असायच्या.

पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला माझा नंबर अचानक आधी पुकारला गेला. मी जिना चढून तशीच आत गेले. बाहेरून आलेल्या मॅडमनी प्रश्न विचारला. उत्तर येत होतं, पण तोंडातून नुसती धाप निघत होती. त्या थोडं थांबल्या आणि मायेनं म्हणाल्या, "असू दे बाळा, पुढच्या वेळी वाचून ये."

मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रागारागानं हर्सूलच्या तलावाकडं चालत गेले आणि मग रोज जात राहिले. मांड्या घासून सोलल्या, तर खोबरेल तेल लावून गेले. तिथं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पळायच्या. त्यातली एक एकदा माझ्याजवळ येऊन थांबली. म्हणाली, ताई, बोलता येईल एवढंच पळायचं, बोलणं तुटलं की चालायचं. मग मी तोंडी परीक्षेचं तेच उत्तर मोठ्यानं म्हणत पळायला लागले. सुरुवातीला दुसऱ्या वाक्याला बोलणं तुटायचं. एका सकाळी सगळं उत्तर म्हणून झालं आणि मी अजून पळतच होते. माझं अंग माझं ऐकतंय, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्या दिवसापासून वजनाचं मनातून गेलं. मला पळायचंच होतं.

वर्षभरात माझे सगळे ड्रेस आत शिवून घ्यावे लागले. तेवढ्यात पाचोडला मामेबहिणीचं लग्न निघालं. मांडवात मावशीनं मला वरखाली पाहिलं आणि सगळ्यांदेखत आईला विचारलं, "काय गं, शहरात नेऊन पोरीला उपाशी ठेवती का?"

घरी आल्यावर आईनं मला छातीचा आजार झाला असं ठरवूनच टाकलं. एक्स-रे झाला, रक्त झालं, थुंकी तपासून झाली. सगळं चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, तुम्हीही तिच्याबरोबर चालायला जा. यावर आईचं म्हणणं असं, की तो डॉक्टर स्वतःच वाळलेला, त्याला काय कळतंय. मग माझ्या वरणात तुपाचा थर आला. डब्यात दोन पोळ्या असायच्या तिथं पाच आल्या. शेवटी एका सकाळी माझे बूटच सापडेनात. ते ज्वारीच्या कोठीत निघाले, ज्वारीच्या खाली.

मी भांडले. मला पळायला आवडतं, म्हणाले.

"पळायचं कशापायी?" आई म्हणाली. "मागं कोण लागलंय?"

मी तिला दम, जिना, ती परीक्षा, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "तुझ्या वयात माझी हाडं दिसायची. लोकं माझ्या मायला विचारायची, पोटाला देत नाय का? नव्हतंच तर काय देईल ती? आता माझ्या घरात सगळं हाय, तरी लोकं मला तेच विचारायलीत."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. तिच्या घरात आता सगळं आहे, हे माझ्या अंगावर लिहून फिरायचं का? पण मी एवढंच म्हणाले, की पळणं सोडणार नाही, तुला बघायचं तर चल.

ती आली. तेव्हापासून रोज येते. तलावाच्या कडेला बसते, मांडीवर डबा, आणि ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला थांबवून सांगते, "माझी पोरगी हाय. घरी दूध हाय, अंडी हायत, तूप हाय. तरी पळती." मी जाताना हे ऐकते आणि परत येतानाही. रिटायर झालेल्या काकांना, जवळच्या बुद्धविहारातल्या बायकांना, भरतीच्या मुलींना आमच्या स्वयंपाकघरात काय काय आहे ते तोंडपाठ झालंय. मी हात जोडले, रुसले, आधी निघून पाहिलं, तर ती रिक्षा करून मागून आली.

मागच्या आठवड्यात मी पळून तिच्याजवळ येत होते, तेव्हा एक नवीन काका तिच्याशी बोलत उभे होते. त्यांनी कौतुकानं विचारलं, किती किलो कमी झाली तुमची मुलगी?

"कमी कशाला व्हईल?" आई म्हणाली. "चांगली पळायला लागली."

मग तिनं डबा उघडला आणि त्या काकांना शेंगदाण्याचा लाडू खायला लावला. ते नको म्हणत होते, त्यांना साखरेचा त्रास होता. मी परत वळले आणि पळायला लागले.