पिशवी काढून टाका

पोलादपूरच्या शाळेत नववीला शिकवताना छातीतून आग वर चढायची. फळ्याकडे तोंड करून मी पदराने मान पुसत राहायचे. झोप उडाली होती. घरात सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी नवऱ्याला घेऊन महाडच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धवट ऐकलं आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, "पिशवी काढून टाका. आता तिचा उपयोग काय?"

"त्यानं ही आग थांबेल?" मी विचारलं.

"ती पाळी जाताना होतेच, बाई. सहन करायचं."

मग पिशवी कशाला काढायची? मी उठून बाहेर आले. एसटीत नवरा म्हणाला, "डॉक्टर आहेत ते, उगाच सांगतील का?" पोलादपूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

माझ्या डोळ्यांपुढे थोरली जाऊ होती. वाडीवर भात लावणारी बाई. अंगावरून पांढरं जातं म्हणून पस्तिशीत तिची पिशवी काढली, सोबत अंडाशयंही. तेव्हापासून तीही अशीच पेटत होती, आणि घरात म्हणत, हिचं डोकं फिरलंय.

महाडमध्येच दुसऱ्या एक बाई डॉक्टर आहेत असं कळलं. जावेलाही सोबत नेलं.

"ऑपरेशनआधी काय सांगितलं होतं?" त्यांनी तिला विचारलं.

"मला कोनी काय इचारलाच नाय. सही आमच्या यांनी केली."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हाच तुम्हाला हार्मोनची औषधं द्यायला हवी होती. आता इतक्या वर्षांनी ती सुरू करणं जोखमीचं. बिनहार्मोनची गोळी देते. अंडाशयं गेली की हाडंही झिजतात, तीही तपासू."

माझं ब्लडप्रेशर, छाती तपासून त्यांनी मला हार्मोनच्या गोळ्यांचे फायदे सांगितले, धोके सांगितले. नको असतील तर दुसरी औषधं आहेत म्हणाल्या. "ठरवा तुम्ही." एवढं सांगायला त्यांना फार वेळ लागला नाही. मग इतरांना का जमत नाही?

स्टँडवर चहा घेताना जाऊ हळूच म्हणाली, "म्हंजे मी येडी नव्हते गो."



मी हार्मोनच्या गोळ्या घेतल्या आणि माझी आग ओसरली. तिची थोडी कमी झाली, झोप लागते. पण हाडं ठिसूळ निघाली. ती डोक्यावर गवताचा भारा घेऊन निसरड्या बांधावरून उतरते, तेव्हा मी श्वास रोखून बघते आणि मनातल्या मनात तिची पिशवी काढणाऱ्यांना शिव्या देते.