एकवीस दिवसांचा तक्ता

माझा दादा दारू प्यायला लागला, त्याच्या आधी दीडेक वर्ष तो नुसता पडून असायचा. हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहिते आहे. आमच्या शिरगावात कोणालाही विचारलं तर तो क्रम उलटा सांगेल. पिऊन पिऊन वाया गेला, असंच सगळे म्हणतील. मी तेव्हा शाळेत होते, पण मला नीट आठवतं. तो बोटीवर खलाशी होता, आणि एका मोसमात तो बोटीवर जायला उठेनासा झाला. ताप नाही, खोकला नाही. बोटीवरची माणसं दारात येऊन हाका मारायची आणि हा डोळे उघडे ठेवून कौलांकडे बघत असायचा.

"काय गो, भाऊस नाय काय घरात?"

"हाय."

"मंग? वऱ्हाड घेऊन येवं काय त्याला न्यायला?"

माणसं हसत निघून जायची. आई मासळीची टोपली घेऊन पालघरच्या बाजारात जायची, आल्यावर त्याचं न खाल्लेलं ताट उचलायची. काय होतंय, असं तिने कितीदा विचारलं. तो एकदाच म्हणाला, "जड झालंय गो आये." कुठे, ते त्याला सांगता आलं नाही. दारू त्यानंतर आली. दोन घोट घेतले की तो उठून बसायचा, बोलायचा, जेवायचा. म्हणून सुरुवातीला आम्हांला ती बरीच वाटली होती, हेही लिहायला हवं.

मग तो बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागला. तिथे सगळीकडची माणसं होती. "क्या मच्छी, आज भी लटका हुआ है?" असं त्याला म्हणायची. तो घरी येऊन ते आम्हांला सांगायचा, स्वतःच थोडा हसायचा आणि बाटली काढायचा. नखांत निळा रंग बसलेला असे. महिन्यातले आठ-दहा दिवस खाडे. अखेर कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि दादाबरोबर मी गेले. आमच्या घरात शाळेपुढे शिकलेली मी पहिली. पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणून हॉस्पिटल, फॉर्म, खिडक्या हे सगळं माझं काम, असं घरात न बोलता ठरलेलं होतं.

तिथे एक डॉक्टरबाई भेटल्या, पस्तिशीच्या असतील. त्या माणसांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास करत होत्या. चार प्रकारची माणसं त्यांना हवी होती: नुसती पिणारी, नुसती उदास, दोन्ही असलेली आणि दोन्ही नसलेली. दारूने मेंदूत काय बदलतं आणि उदासीने काय, आणि दोन्ही असतील तर कशाचा भाग किती, ते त्यांना शोधायचं होतं. दादा तिसऱ्या प्रकारात बसत होता. त्यांनी त्याला विचारलं, "आधी काय सुरू झालं? पिणं, की हे जड वाटणं?"

आजवर त्याला हे कोणीही विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जड."

"मला तसंच वाटलं," असं म्हणून त्यांनी लिहून घेतलं.

घरी येताना गाडीत तो मला तीनदा म्हणाला, "तिला तसंच वाटलं, बाय. ऐकलंस ना?"

अभ्यासात घेतलेल्या माणसांना दोन वर्षं औषधं आणि तपासणी त्याच डॉक्टरबाईंकडे मिळणार होती. पण दादाचं मन त्यात नव्हतं. आपल्या डोक्याचा फोटो निघेल आणि आपण माजलेलो नाही, आपल्याला काहीतरी झालं आहे, हे कुठेतरी मांडलं जाईल, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी अट एक होती. वॉर्डात आठ-दहा दिवस ठेवून दारू सोडवायची आणि त्यानंतर घरी एकवीस दिवस थेंबही घ्यायचा नाही. ताज्या दारूने मेंदूच्या फोटोत फरक पडतो, मग उदासीचं काय आणि दारूचं काय ते वेगळं काढता येत नाही, असं बाईंनी मला समजावून सांगितलं. माझ्या हातात एक तक्ता दिला. एकवीस चौकोन. रोज त्यात लिहायचं, घेतली की नाही.

मी तक्ता देवाच्या फोटोखाली खिळ्याला अडकवला. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले की दादाचं तोंड हुंगायचे, त्याला विचारायचे आणि लिहायचे. नाही. नाही. नाही. एकवीस वेळा. अक्षर चांगलं यावं म्हणून मी शाईचं पेन वापरलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते आमच्या किनाऱ्याबाहेरच्या माणसाला कदाचित खोटं वाटेल. आमच्या शेजारचे काका ताडाला मडकी लावायचे. सकाळी उतरवलेली ताडी ते वाटेतल्या घरांना देत जायचे. आमच्याकडे ताडीला कोणी दारू म्हणत नाही. बाळंतिणीला देतात, उन्हाळी लागली की लहान पोराला देतात. मीही लहानपणी प्यायलेली आहे. वॉर्डातून दादा घरी आला तेव्हा त्याचे हात कापत होते आणि जेवण जात नव्हतं. एवढ्या गोळ्या गरम पडणार, असं आईने ठरवलं. थंडाव्याला म्हणून ती त्याला रोज ताडीचा पेला द्यायला लागली. काका आठाला यायचे आणि कारखान्यातून रजा असल्याने दादा उठायचा दहाला. तोवर पेल्यावर फेस आलेला असायचा.

सुट्टीच्या दिवशी तो पेला मी स्वतः त्याच्या हातात दिलेला आहे. त्याच वर्षी कॉलेजात आंबण्याचा धडा झाला होता. सरांनी उदाहरणसुद्धा ताडीचंच दिलं होतं आणि मी ते परीक्षेत लिहिलं होतं. तरी ते आणि घरातला पेला माझ्या डोक्यात एकत्र आले नाहीत. 

फोटोच्या दिवशी दादाने दाढी केली, धुतलेला सदरा घातला. मशीनमध्ये धातू चालत नाही म्हणून कानातली बाळी काढली. कमरेचा चांदीचा करगोटा मात्र सुटेना. लहानपणी बांधलेला होता, नंतर वाढवत नेलेला. शेवटी तिथल्या माणसाने पकडीने त्याचा गोफ तोडला आणि तो माझ्या मुठीत दिला. दादा आत गेला. दाराबाहेरही मशीनचा ठकठक आवाज येत होता. डॉक्टरबाई माझ्याशेजारी बसून राहिलेले प्रश्न भरून घेत होत्या. झोप किती, बोलतात का, रडतात का.

"सकाळी काय खातात?"

"भाकर, सुकट आणि..."

तेवढ्यात मला कळलं. कोणी सांगितलं नाही, माझ्याच तोंडात तो शब्द आला आणि त्याचा अर्थ लागला.

"आणि?"

"चहा," मी म्हटलं.

थोड्या वेळाने दादा बाहेर आला. बाईंनी त्याला दिव्याच्या काचेवर फोटो लावून दाखवला. एकाच डोक्याचे कितीतरी काप, राखाडी. तो इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"यात दिसतं काय ते?"

"काय?"

"ते... जड झालेलं."

बाई खोटं बोलल्या नाहीत. "एकट्या माणसाच्या फोटोत नाही दिसत. खूप जणांचे शेजारी शेजारी ठेवून मोजायचं, मग फरक असला तर कळेल. कदाचित."

"म्हंजे मी पन त्या मोजनीत?"

"हो, तुम्ही पण."

त्यानंतरचे पंधरा दिवस मला विसरता येत नाहीत. दादा सकाळी उठायला लागला. बोंबील वाळत घालायच्या बांबूंपाशी आईला मदत करायला गेला, तर तिथल्या बाया म्हणाल्या, "आज सूर्य कुठशी उगवला रं?" तो म्हणाला, "माज्या डोक्याचा फोटू मुंबईला ठेवलाय. बुकात जानार. तुमचा हाय काय?" बाया खदखदून हसल्या. तोही हसला. आई त्या दिवशी घरात येऊन पदराने डोळे पुसत होती. आणि रोज दहाला तो पेला चालूच होता. मी काही बोलत नव्हते. बोलले तर हे सगळं जाईल, असं वाटत होतं. नाही बोलले तर मोजणीत एक फोटो खोटा राहील. त्यावरून पुढे कुठल्या तरी डॉक्टरला वाटेल की उदास माणसाचा मेंदू असा दिसतो, आणि खरं तर ते आंबलेल्या ताडीचं असेल. मला अभ्यास सुचत नव्हता. पुस्तक उघडलं की मी तोच हिशेब पुन्हा करत बसायचे.

पुढच्या तारखेला मी दादाला बाहेर बसवून आधी एकटी आत गेले आणि सांगितलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोज?"

"रोज."

"किती?"

"एक पेला. कधी दीड."

"कोण द्यायचं?"

"आई," मी म्हटलं. त्यांनी ते फाईलमध्ये लिहिलं. मला ते उलट्या बाजूने दिसत होतं.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. मी नुसतं दारू विचारलं, किनाऱ्यावरच्या माणसाला ताडीचं वेगळं विचारायला हवं होतं." हा फोटो आता धरता येणार नव्हता. पण मशीन या कामासाठी अजून महिनाभर मिळणार होतं. तेवढ्यात पुन्हा एकवीस दिवस पाळले तर पुन्हा फोटो काढू, असं त्या म्हणाल्या आणि नवीन तक्ता दिला. मग दादाला आत बोलावून त्यांनीच सगळं सांगितलं. 

 गाडीने विरार सोडल्यावर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मला कळत व्हतं, बाय."

"काय?"

"पेल्याचं. हात कापायचं थांबलं ना, तवाच कळलं. बोललो नाय."

मी त्याच्यावर चिडायला हवं होतं की नव्हतं, मला ठरवता आलं नाही.

आईला मी एवढंच सांगितलं की त्या गोळ्यांवर ताडी चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून काकांना तिने दारातूनच परत पाठवलं. काका म्हणाले, "ताडीनं कवा कोन मेलाय काय?" आईने दार लोटून घेतलं. या वेळी खरंच काही नव्हतं. दादाचं अंग घामाने भिजायचं, तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा जेवताना त्याच्या हातातून भाताचा घास तीनदा खाली पडला. चौथ्यांदा आईने भरवला, तीस वर्षांच्या माणसाला. पण चौकोन भरत होते. दहा झाले. पंधरा झाले. सोळा.

सतराव्या दिवशी काही घडलं नव्हतं. मी नंतर खूप शोधलं. तो पुन्हा कामावर जायला लागला होता, पण कारखान्यात भांडण नाही, कोणी टोचून बोललं नाही, पगाराचा दिवस नाही. तो दुपारी घरी आला आणि ओट्यावर बसला. मी दारात होते, मला वास आला. हुंगावंसुद्धा लागलं नाही.

"तक्ता आन," तो म्हणाला.

मी आणला.

"लिव."

"दादा, एकच दिवस झालाय." हे मीच बोलले. डॉक्टरबाईंसमोर जाऊन खरं सांगून आलेली मी. "उद्यापासून नको घेऊस. आजचं मी नाही असंच लिहिते."

"लिव गो," तो म्हणाला. "मागल्या टायमाला तू बोललीस. आता मी बोलतो. लिव, घेतली."

मी लिहिलं. त्याने ते वाकून वाचलं. त्याला सावकाश वाचावं लागायचं.

ठरल्या तारखेला आम्ही गेलो. बाईंनी तक्ता बघितला, सतराव्या चौकोनावर बोट ठेवलं आणि दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "व्हय." नंतरचे चार चौकोनही तसेच होते. महिना संपत आला होता, आणखी एकवीस दिवस आता मिळणार नव्हते. औषधांसाठी त्यांनी साध्या ओपीडीची चिठ्ठी दिली. तिथे रोज वेगळे डॉक्टर असायचे. निघताना दादा दारात थांबला.

"बाई, तुमाला दुसरी मानसं भेटतील ना? मोजायला?"

"भेटतील," त्या म्हणाल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "औषध सोडू नका."

त्या ओपीडीत तो दोनदा गेला. आधी काय सुरू झालं, हे तिथे कोणी विचारलं नाही. नवीन डॉक्टर विचारायचे, रोज किती घेता. तिसऱ्या वेळी मी तयार होऊन बसले आणि तो उठला नाही. कारखाना सुटला. त्यानंतर तो चार वर्षं होता. शेवटी पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि पालघरच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं ते परत न्यायचं नाही, असं सांगूनच. गावातली माणसं आली, बसली, चांगला पोरगा दारूने खाल्ला, असं म्हणून गेली. मी त्यांना क्रम सांगितला नाही. सांगायला हवा होता, असं आता वाटतं.

आईने ताडीबद्दल इतक्या वर्षांत एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, तिला कळलेलं नाही. दादाच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही दोघी ओट्यावर सुकट निवडत बसलो होतो. ती मान वर न करता म्हणाली,

"त्या मुंबईच्या बाईनं कागदावर लिवलं असंल ना, आयेनं पाजली म्हनून?"

डॉक्टरबाईंचं अक्षर मला अजून आठवतं. त्यांनी 'आई' हा शब्द लिहून खाली रेघ ओढली होती.

"नाही," मी म्हटलं. "तसलं काही लिहीत नाहीत."

 आईने सुपातला कचरा बाजूला केला आणि पुन्हा निवडायला लागली.