दोन खुणांचा सांधा

उणे दोनशे एकाहत्तर अंशांच्या आसपास द्रव हेलियमचं उकळणं एकदम थांबतं आणि तिथून पुढे ते साध्या द्रवासारखं वागायचं सोडून देतं. ज्या बारीक फटीतून काही जाईल असा संशयही येत नाही, तिच्यातून ते निवांत निघून जातं. या गुणाबद्दल लोकांना डॉक्टरेट मिळते. आमच्या प्रयोगशाळेत भाऊंना डोकेदुखी मिळायची, कारण फटी बंद करणं हे त्यांचं काम.

भाऊ तंत्रज्ञ. धातूच्या नळ्या जोडायला डाख द्यावा तर त्यांनीच. तीस वर्षांत त्यांचा एकही सांधा गळला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत; दुसरं कुणी सांगू लागलं तर थांबवत मात्र नसत. त्यांची पद्धत ठरलेली होती. डाख दिला की सांधा गरम पाण्याने तीनदा धुवायचा आणि दर धुण्यामागे वहीत एक खूण करायची. डाख नीट बसावा म्हणून लावलेला फ्लक्स वाळून एखाद्या छिद्रात अडकला, तर छिद्र बुजल्यासारखं दिसतं आणि गळती शोधणारं यंत्रही खुशाल शून्य दाखवतं; पुढे कधीतरी तो तडकला की गळती सुरू.

तर त्या सोमवारी मोठा क्रायोस्टॅट गळला. हा म्हणजे माणसाएवढा थर्मास, भाऊंनीच बांधलेला. खोलीच्या तापमानाला सगळं ठाकठीक. हेलियमचं उकळणं थांबलं की दुहेरी भिंतीमधली निर्वात पोकळी बिघडायची. गुरुवारी जुनी यंत्रं तपासणारी समिती येणार होती. तिच्यासमोर चार तास तो टिकला नाही तर भंगारात जाणार आणि कारखान्यातच सगळे सांधे बंद करून आलेलं नवं यंत्र त्या जागी बसणार. मग भाऊंची बदली स्टोअरमध्ये, जिथे कुलूप सोडून बंद करण्यासारखं काही नव्हतं.

सांधे पाच. चार भाऊंचे, एक कारखान्यातून आलेला. संशयित सांध्यावर तांब्याची टोपी बसवून सगळं पुन्हा थंड करायचं आणि गळती थांबते का पाहायचं, यात दीड दिवस जाई. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम जपून म्हणाल्या की तळाचा सांधा सगळ्यात जुना आहे, तिथून सुरुवात करू या का. तो मी केलेला आहे, असं भाऊंनी सांगितलं. एवढं कारण पुरेसं आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. टोपी कारखान्याच्या सांध्यावर बसली.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत कारखाना निर्दोष सुटला. आता एकाच दुरुस्तीपुरता वेळ होता आणि उरलेले चारही आरोपी घरचे.

भाऊंनी घरी जाऊन जुनी वही काढली. जेवणाच्या टेबलावर पानं उलटत ते तळाच्या सांध्यापाशी आले आणि थांबले. खुणा दोनच होत्या. शेजारून वहिनींनी तारीख वाचली आणि ही ओळखीची वाटते का, असं विचारलं. वाटायलाच हवी होती. त्या दिवशी वहिनींना कळा सुरू झाल्याचा फोन वर्कशॉपमध्ये आला आणि भाऊ सांधा तसाच टाकून पळाले होते.

समोर जेवत असलेल्या लेकीने हात थांबवला. “म्हणजे तेवीस वर्षांनी गळतीचं खापर माझ्यावर?”

“तू दहा दिवस आधी आलीस,” भाऊ म्हणाले. “तिसरं धुणं तेवढं होऊ द्यायचंस.”

वहिनींनी मध्ये पडून सांगितलं की तिसऱ्या धुण्याची वाट बघितली असती तर लेक रिक्षात झाली असती, आणि विषय मिटवला.

बुधवारी सकाळी भाऊ मॅडमच्या टेबलापाशी वही उघडी ठेवून उभे राहिले.

“तळाचाच आहे. माझ्या हातचा.”

टोपी बसवून आधी खात्री करून घ्यायला वेळ नव्हता. चुकीचा सांधा उघडला तर सगळंच संपलं, याची मॅडमनी आठवण करून दिली. भाऊंनी दोन खुणांवर बोट ठेवलं. मॅडमनी वही पाहिली, भाऊंकडे पाहिलं आणि परवानगी दिली.

सांधा वितळवल्यावर आतून करड्या फ्लक्सचा गव्हाच्या दाण्याएवढा खडा निघाला. भाऊंनी तो कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला, जागा घासून पुन्हा डाख दिला आणि तीनदा धुतला. तिसऱ्या वेळी पाणी जरा जास्तच गरम होतं.

गुरुवारी समिती काचेच्या खिडकीपाशी जमली. हेलियम उकळत होतं. मग उकळणं थांबलं आणि द्रव आरशासारखा स्वच्छ झाला. निर्वात पोकळीचा काटा जागचा हलला नाही. दोन तासांनी एका सदस्यांनी दबक्या आवाजात विचारलं, की नेमकं काय व्हायची वाट बघायची आहे.

“काही नाही व्हायचं,” भाऊ म्हणाले. “अजून दोन तास.”

ते दोन तासही गेले. काही झालं नाही. क्रायोस्टॅट राहिला आणि भाऊही जिथल्या तिथे राहिले. त्यांनी जुन्या वहीत तिसरी खूण केली, पुढे त्या दिवसाची तारीख घातली आणि संध्याकाळी ती पुडी लेकीच्या हातावर ठेवली.

“नुसत्या फ्लक्सवर तेवीस वर्षं टिकला,” ते म्हणाले. “डाख वाईट नव्हता.”